वहिनी आणि घुंगरमाळ अद्याप सोलापुरात का आहेत, याचा खुलासा

जुळे सोलापूर,
कारहुणवीच्या अलीकडचा सोमवार

ती. अण्णांना,
धाकट्या बहिणीचा, श्रीदेवीचा, शरणु शरणार्थी.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे तुमची तब्येत कशी आहे, पाठ अजून धरते का, थोरल्या बैलाच्या खांद्याची सूज उतरली का, धाकटा अजून पाण्याच्या मोटारीला बुजतो का आणि ती मोटार स्वतः बरी आहे का, हे सविस्तर कळवावं. (मोटारीचं मुद्दाम विचारते. मागच्या वेळी आमच्या घरी यांना ताप होता तेव्हा तुम्ही दोन शब्दांत चौकशी केलीत आणि उरलेला कागद मोटारीच्या दुखण्याला दिलात.) आपण घरात कानडी बोलतो आणि पत्र मात्र मराठीत लिहितो, याचं मला लहानपणापासून कुतूहल आहे. आपल्याला भांडायला कानडी बरी पडते आणि खुलासा करायला मराठी, असा माझा निष्कर्ष आहे. म्हणून हे मराठीत.

तुमची चिठ्ठी अक्कलकोट गाडीच्या कंडक्टरनं काल दुपारी आणून दिली. शेंगाही मिळाल्या. चिठ्ठी मी नीट वाचली, कारण बत्तीस वर्षं मुलींचे विज्ञानाचे पेपर तपासल्यावर कुठलाही कागद नीट वाचायची खोड लागते. सुरुवातीला बैलांच्या घुंगरमाळेची चौकशी आहे: घेतली का, अस्सल पितळी आहे ना, आवाज भरीव आहे की नुसता पत्र्यासारखा. मग बैलांचा सण, कारहुणवी, तोंडावर आली, शिंगं रंगवायची, झुली काढायच्या, आणि बैलांसाठी गव्हाची हुग्गी रांधणार कोण, हा प्रश्न आहे. मग सिद्धलिंगप्पांनी तुम्हाला देवळात गाठून आमच्या दोघींबद्दल काय सांगितलं ते आहे. आणि अगदी खाली, कागद संपला तिथे, समासात तिरकं लिहिलंय, ‘हिला कधी पाठवतेस?’

तर अण्णा, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. माळ आणि वहिनी दोघीही सोलापुरात सुखरूप आहेत, एकमेकींना बांधलेल्या आहेत, आणि कारहुणवीच्या संध्याकाळी त्या दोघींचा कार्यक्रम आहे. त्यामुळे सणाला तुमच्याकडे माळही नाही आणि हुग्गीही नाही, अशी परिस्थिती आहे. हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि तुम्ही कायम बिरप्पाच्या दुकानाच्या कट्ट्यावर. मी इकडून ‘हॅलो’ म्हटलं की तिकडून चार जण ‘बोल श्रीदेवी’ म्हणतात. शिवाय पहिलं वाक्य ऐकून तुम्ही उत्तर देता आणि फोन ठेवता. पत्राला निदान मध्येच तोडता येत नाही.

सिद्धलिंगप्पांनी तुम्हाला जे सांगितलं ते खरं आहे, फक्त त्यातला प्रत्येक तपशील चुकीचा आहे. आम्ही दोघी बेली डान्सच्या क्लासला जातो, हे खरं. तिथे परपुरुष असतात, हे खोटं. तिथे एकच परपुरुष येऊन गेला आणि तो म्हणजे स्वतः सिद्धलिंगप्पा. आम्ही चित्रविचित्र कपडे घालतो, हेही खोटं. निम्म्या बायका साडीत आणि निम्म्या पंजाबी ड्रेसमध्ये असतात, आणि एकमेव चित्रविचित्र वस्तू म्हणजे तुमच्या बैलांची माळ.

आता हे सुरू कसं झालं ते सांगते. (घाई करू नका. पाठीमागे उशी घ्या.) आमच्या घराजवळच्या मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर एक रिकामा हॉल आहे. जिन्याशी एक दिवस पाटी लागली: ‘बेली डान्स, फक्त महिलांसाठी.’ मी भाजी घेऊन येत होते. पाटी वाचली, घरी आले, भाजी निवडली आणि मला दुपारची झोप लागेना. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. लहानपणी तुमचा रेडिओ मी मोडला नव्हता, आतला माणूस बघायला उघडला होता. इतकी वर्षं मी मुलींना पचनसंस्था शिकवली, तक्त्यावर काठी ठेवून जठर दाखवलं, ऐच्छिक स्नायू आणि अनैच्छिक स्नायू पाठ करून घेतले. पण पोटाचे स्नायू इतके ऐच्छिक असतील की ते सांगितल्या तालावर नाचतील, आणि छाती, खांदे मात्र जागच्या जागी राहतील, हे मला एकाही मुलीनं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. बाकीचं शरीर स्थिर ठेवून एकटं पोट नाचतं कसं, एवढंच मला बघायचं होतं. बघून परत येणार होते.

शिकवणारी मुलगी ओवी. कुर्डुवाडीची, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात. पुण्याला नोकरी करता करता हा नाच शिकली आणि लग्न होऊन सोलापुरात आली. मी दारात उभी राहून म्हटलं, मला नाचायचं नाही, फक्त काही शंका आहेत. ती म्हणाली, “काकू, शंका उभ्यानं विचारल्या तर उत्तर लवकर कळतं, चपला काढा.” ही मुलगी शिक्षिका म्हणून चांगली आहे, हे मी तेव्हाच ओळखलं. मी चपला काढल्या.

पहिल्या दिवशी कळलं की शंका एकच होती, ती म्हणजे माझं पोट नक्की कुठे आहे. ओवी म्हणाली, पोटाचा फक्त वरचा भाग आत घ्या. आम्ही सगळ्यांनी श्वास आत घेतला, डोळे मोठे केले आणि खांदे कानांपर्यंत नेले. पोट होतं तिथेच. मग म्हणाली, आता सोडा. आम्ही श्वास सोडला आणि सवयीनं प्रत्येकीचा हात पदराकडे गेला. अण्णा, हे मला फार विलक्षण वाटलं. ‘पोट’ असा शब्द कानावर पडला की हॉलमधल्या सगळ्या बायकांचा हात आपोआप पदर किंवा ओढणी ओढायला जायचा. ओवीनं पदर खोचायला लावले, तर हात पदर नसलेल्या जागेवरून फिरून यायचे. (हा स्नायू ऐच्छिक की अनैच्छिक, हे कुठल्याच पुस्तकात नाही.) शेवटी माझ्या शेजारच्या शिलाईकाम करणाऱ्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाजी, पेट कू ऐसा कायकू पकडके बैठे, छोड देव ना!” मी सोडलं. आणि मला एकदम जाणवलं की कितीतरी वर्षं मी ते धरूनच उभी होते.

इथे थोडं गंभीर लिहिते, मग पुन्हा मूळ पदावर येईन. माझं ते ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या बाकावर रात्रभर बसून होतात, ते मी विसरलेले नाही. त्यानंतर मी पोटाकडे बघणंच सोडलं होतं. डॉक्टरांनी बघायचं, त्यांनी बरं म्हटलं की बरं. अंघोळीला गेले तरी भिंतीकडे बघायची. आणि त्या हॉलमध्ये, आरशासमोर, माझ्या पोटाचा उजवा भाग डाव्या भागाला न विचारता जरासा हलला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं “हललं!” म्हणून ओरडले. सगळ्या बायका बघायला जमल्या. पुन्हा हललं नाही. पण मी दुसऱ्या दिवशीची वाट बघायला लागले. तुम्हाला हसू येईल, पण मला फार बरं वाटलं अण्णा, आणि ते कुणाला तरी सांगायचं होतं.

तर असे माझे दिवस चालले होते आणि गुडघा दाखवायला वहिनी आल्या. आठ दिवसांसाठी आल्या होत्या, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. डॉक्टरांनी फोटो काढला, झीज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि व्यायाम करा म्हणाले. वहिनी दवाखान्यातून बाहेर पडताच मला म्हणाल्या, “येवढं शेत तुडवून झालं, आनि आता यायाम करा म्हंतोय. ह्येला काय म्हनावं?” मी त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून बरोबर हॉलवर नेलं आणि खुर्चीवर बसवलं. ओवीला सांगितलं, या फक्त बघणार आहेत. ओवी हसली. तिला त्या वाक्याचा अनुभव होता.

पहिल्या दिवशी वहिनींनी तोंडाला पदर लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी पदर बाजूला करून बघितलं. तिसऱ्या दिवशी खुर्चीतल्या खुर्चीत कंबर डावीकडे सरकवली आणि कुणी बघितलं का ते बघितलं. मी बघितलं होतं. पुढे एक दिवस मी मागे वळले तर खुर्ची रिकामी आणि वहिनी शेवटच्या ओळीत. ओवीनं जपून, गुडघ्याला झेपेल एवढंच करायला लावलं. आता तुम्हाला वाटेल, मी लिहिणार की वहिनी सगळ्यांत सुरेख नाचतात. तसं काही नाही. वहिनींना अजिबात येत नाही. सगळ्या उजवीकडे गेल्या की वहिनी डावीकडे जातात. ताल एक-दोन-तीन-चार असतो, वहिनींचा पाचवरही चालू राहतो. कंबर हलवा म्हटलं की मान हलते. मान थांबवली की हात हलतात. सगळं थांबवलं की वहिनी हसायला लागतात, आणि त्या वेळी मात्र पोट असं काही हलतं की ओवी म्हणते, “बघा, हेच! यालाच शिमी म्हणतात!” (शिमी म्हणजे अंग थरथरवणं. नीट जमायला वर्ष लागतं म्हणे. वहिनींना हसू आवरता न आल्यामुळे फुकट जमतं.)

आता माळेकडे येते. या नाचात कमरेला नाण्यांचा रुमाल बांधतात, म्हणजे कंबर हलली की नाणी वाजतात आणि आपलं चुकलं की बरोबर ते आपल्यालाच ऐकू येतं. माझ्यासारखीला ही कल्पना फार पटली. चूक लगेच कानाला कळणं यापेक्षा चांगलं शैक्षणिक साधन नाही. ओवीनं ते रुमाल फोनवरून मागवायला सांगितले. ते आले. पातळ कापड, टिनाच्या टिकल्या, आवाज उंदीर कागद कुरतडतो तसा. वहिनींनी तो हातात घेतला, कानाशी हलवला आणि म्हणाल्या, “ह्येच्यात काय दम न्हाय.” त्याच दिवशी तुमची माळ घ्यायला आम्ही मंगळवार पेठेत गेलो होतो. बैलांच्या साजाच्या दुकानात वहिनींनी सगळ्या माळा एकेक करून वाजवून बघितल्या, तुम्ही सांगितलं होतं तसा भरीव आवाज शोधला, दुकानदाराशी हुज्जत घातली आणि शेवटी एक जोडी निवडली. चामड्याचा पट्टा, त्यावर पितळी घुंगरू. दुकानदारानं मापासाठी विचारलं, “बैल किती वयाचे?” वहिनींनी उत्तर द्यायच्या आधी माळ स्वतःच्या कमरेला लावून बघितली. अण्णा, मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुकानदारही भला माणूस, तो बिल करायला वळला.

दुसऱ्या दिवशी क्लासला ती माळ वाजली आणि बाकीच्या बायकांनी टिकल्यांचे रुमाल सोडून ठेवले. पुढच्या आठवड्यात अर्धा क्लास मंगळवार पेठेत जाऊन आला. दुकानदारानं एकीला विचारलं म्हणे, यंदा शहरात बैल वाढले की काय. ओवी आधी घाबरली, मग तिनं स्वतःच एक घेतली. तिच्या पुण्याच्या बाईंना पाठवायला दुसरीही घेतली.

घरी सरावाची पंचाईत झाली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात भिंतीला हात टेकून उभ्या होतो, माळा बांधलेल्या होत्या आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत थरथर करायची असं ठरलं होतं. त्याच वेळी आमचे हे दुकानातून आले. बाहेरच्या खोलीत यांना फळीवरची भांडी हलताना दिसली, घुंगरांचा आवाज आला, आणि किल्लारीच्या भूकंपापासून यांचा स्वभाव तसा झालेला आहे. चपला न घालता खाली रस्त्यावर पळाले आणि तिथून आमच्या नावानं ओरडू लागले. शेजारची चार बिऱ्हाडं खाली उतरली. सगळं कळल्यावर हे एकच वाक्य बोलले, “पुढच्या वेळी दारावर पाटी लावा.” तेवढ्यावर भागलं. मल्लिकार्जुन हे नाव शोभणारा शांत माणूस मला मिळाला, ही तुमचीच कृपा. तुम्हीच स्थळ आणलं होतं.

आता सिद्धलिंगप्पा. ते त्या मंगल कार्यालयाचे मॅनेजर, आणि आपल्याच गावचे, हे मला आधी ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी सुपारीचा कार्यक्रम होता. मुलाकडची मंडळी आहेरवाडीकडून यायची होती. शेतकरी घर, आणि मुलाच्या आजोबांनी गंमत म्हणून सजवलेल्या बैलगाडीतून येऊ असं आधी कळवलेलं होतं. (हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर आम्ही माळा सोडल्या असत्या. कदाचित.) खाली मुलीकडची मंडळी फेटे बांधून तयार, आणि वर आम्ही बारा-पंधरा जणी पितळी माळा बांधून ओळीत उभ्या. ओवीनं गाणं लावलं आणि आम्ही एकदम शिमी सुरू केली.

खालच्या मंडळींनी ऐकलं, बैल आले. सगळे पुरुष पंचारती, नारळ, गुलाल घेऊन रस्त्यावर धावले. बँडवाल्यांनी बँड सुरू केला. रस्त्यावर बैल नाहीत. घुंगरं तर वाजताहेत. कुणी म्हणे मागच्या गल्लीतून आले, म्हणून अर्धी मंडळी मागच्या गल्लीत. बँड पुढे, मंडळी मागे. आम्हाला बँड ऐकू आला तेव्हा ओवीला वाटलं, आपल्या गाण्याचा आवाज कमी पडतोय, तिनं वाढवला. आम्हीही वाढवला. शेवटी एका पोरानं वर बोट दाखवलं म्हणे, आणि सगळे फेटे वर वळले. तेवढ्यात खरी मुलाकडची मंडळी आली, मोटारीतून, आणि त्यांच्या स्वागताला दारात कुणीच नव्हतं. यावरून तिथे बरंच काही झालं. सुपारी फुटली शेवटी, काळजी करू नका.

सिद्धलिंगप्पा जिना चढून वर आले आणि दार वाजवलं. गाणं बंद. आता अण्णा, आम्ही सगळ्या जाणत्या बायका, कुणी नातवंडं असलेल्या, कुणाचा स्वतःचा धंदा, आणि आम्ही काही गुन्हा करत नव्हतो. पण पुरुषानं दार वाजवल्यावर आम्ही काय केलं असेल? सगळ्या पटापट खाली बसलो, मांडी घालून, गोल करून, पदर दोन्ही खांद्यांवर. सिद्धलिंगप्पा आत आले तेव्हा एकीनं सांगितलं हळदीकुंकू आहे, दुसरीनं सांगितलं भिशी, तिसरीनं सांगितलं वचनांचा पाठ. मी, विज्ञानाची शिक्षिका, म्हणाले, “पचनसंस्थेचं शिबिर.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दार लावून घेतलं, खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाले, “बाई, मला जेवल्यावर लई जळजळतं.” बराच वेळ त्यांचं पित्तच चाललं होतं. ओवीनं त्यांना पोटानं श्वास घ्यायला शिकवलं. (त्यांना फरक पडला. आता रोज खालच्या ऑफिसात करतात. हे त्यांनी तुम्हाला देवळात सांगितलं नसेल.)

उठता उठता त्यांना वहिनींच्या कमरेची माळ दिसली. पदराखालून थोडी वाजलीही. त्यांनी विचारलं, “या कुठल्या? कुणाच्या?” म्हणजे कुणाच्या घरातल्या, कुणाच्या मंडळी. आपल्याकडे असं विचारायची रीतच आहे, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी तुमचं नाव घेणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “रत्नम्मा.” ते म्हणाले, “ते झालं, पण कुणाच्या?” वहिनी म्हणाल्या, “कुनाच्या न्हाय. रत्नम्मा.” तुमच्या नावाला उगाच बोल नको लागायला म्हणून त्यांनी तसं सांगितलं अण्णा, दुसरं काही नाही. पण सांगून झाल्यावर रिक्षात त्या माळ मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मला वाटलं, घाबरल्या. सात रस्त्याला रिक्षा थांबवायला लावली, पाणीपुरीच्या गाड्यावर उतरल्या, आणि प्लेट संपल्यावर पुन्हा एक प्लेट मागितली, स्वतःच्या तोंडानं. इतक्या वर्षांत वहिनींनी माझ्याकडे पाणीसुद्धा कधी मागितलेलं नाही. 

नंतर सिद्धलिंगप्पांनी चौकशी करून त्या कुणाच्या ते शोधलंच, आणि तुम्हाला गाठलं. असो.

गुडघ्याचं म्हणाल तर गुडघा तसाच आहे. जिना चढताना अजून कळवळतात. पण आता वर पोचल्यावर गुडघ्याबद्दल बोलत नाहीत. वहिनी आमच्या घरात हसतात, अण्णा. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येतो आणि हे मला विचारतात, कोण आलंय. मी सांगते, वहिनी. हे म्हणतात, त्या तर कधीच्या आल्यात. तुम्ही हा आवाज शेवटचा कधी ऐकलात, हे तुम्हाला आठवतं का? मला आठवेना, म्हणून विचारते. टोमणा नाही, नुसतं कुतूहल.

म्हणून विनंती अशी की कारहुणवीला यंदा वहिनींची वाट पाहू नये. कार्यक्रम त्याच संध्याकाळी आहे, फक्त बायकांपुढे आहे, आणि वहिनी शेवटच्या ओळीत कोपऱ्यात उभ्या राहणार आहेत, जिथे डावीकडे गेलं तरी कुणाला धक्का लागत नाही. हुग्गी बिरप्पाच्या घरी सांगावी. बैलांना यंदा जुन्या माळा घालाव्यात. बैलांची मी मनापासून क्षमा मागते. तुमची मागितलेली नाही, ती तुम्ही पुढच्या ओळी वाचून मागायला लावाल तर मागेन.

यांचा तुम्हाला नमस्कार. पाठीला तेल लावून शेक घ्यावा. बैलांना माझ्याकडून थोपटावं.

तुमची,
श्रीदेवी

ता. क. – वर लिहिलेलं सगळं खरं आहे, कार्यक्रमाची तारीख सोडून. कार्यक्रम कारहुणवीला होता, पण क्लासमधल्या निम्म्या बायकांच्या माहेरी किंवा सासरी बैल आहेत, तेव्हा ओवीनं तो पुढच्या रविवारी ढकलला. हे होऊन चार दिवस झाले. म्हणजे सणाला यायला वहिनी मोकळ्या आहेत. त्यांची पिशवी भरलेली आहे, दाराशी ठेवलेली आहे, त्यात तुमच्यासाठी पाठीचा पट्टा आहे आणि बैलांसाठी शिंगांचे गोंडे आहेत. रोज सकाळी अक्कलकोट गाडीच्या वेळेला त्या पिशवीकडे बघतात आणि भाकरी थापायला बसतात.

ता. क. २ – मी त्यांना विचारलं, जायचं तर जात का नाही? त्या म्हणाल्या, “मला कुनी बोलावलंय व्हय?” मी तुमची चिठ्ठी दाखवली. त्यांनी वाचली (त्या वाचतात अण्णा, हळू वाचतात, पण वाचतात) आणि म्हणाल्या, “ही तर तुला हाय.” मी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली, नाव माझंच होतं. लग्न झाल्यापासून त्यांना माहेराहून आणायला कधी तुम्ही बाबांकरवी निरोप धाडलात, कधी भाच्याला पाठवलंत, कधी मला लिहिलंत. तुम्ही स्वतः त्यांना ‘ये’ म्हणून एकदाही म्हटलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि मी खूप आठवून बघितलं तर मलाही दुसरं काही आठवत नाही. म्हणून हे एवढं लांबलचक पत्र लिहून खरं मागायचं ते एवढंच: वहिनी कधी येणार हे मला विचारू नका. त्यांना विचारा. त्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे, नंबर खाली लिहिला आहे. तुमच्याकडे तो नसेल, कारण आजवर तुम्ही माझ्याच फोनवर करत आलात. कट्ट्यावरून उठून, स्पीकर बंद करून, मळ्यात जाऊन करा.

ता. क. ३ – पत्र पाकिटात घालताना वहिनींनी हातातून घेतलं, सगळं वाचलं, नाचाच्या भागाला हसल्या आणि म्हणाल्या, माझं म्हणून एक लिही, मी म्हणते तसंच लिही, तुझी मराठी नको. तसंच लिहिते:

“फोन लावाल तवा पयलं ‘जेवलीस का’ म्हनून इचारा. बैलांचं त्येच्या मागनं.”